धाकटीच्या नावाने

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी लागतात. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. आधी ताणायची, मग झटकायची, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं. मध्ये भेटलं की एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि खाली वाकून लोंबती किनार उचलायची. घडीबाई आणि तिची धाकटी जाऊ अकरा वर्षं अशा एकमेकींकडे चालत आल्या. दिवसाला चारशे चादरी. धाकटी म्हणायची, "अक्का, एवढं चालणं सरळ रस्त्याने केलं असतं ना, तर आपण दोघी पायीपायी माहेरी पोचलो असतो."

"मध्ये समुद्र आहे ना गं बये," घडीबाई म्हणायची.

"चादर अंथरली असती त्याच्यावर. चारशे होत्या की."

घडीबाई आमच्या गावची लेक. हे नाव मात्र तिला परदेशात पडलं, त्या लॉन्ड्रीत. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ती लॉन्ड्री होती. वरच्या सात मजल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, रोग्यांचे झगे एका लोखंडी नळातून धप्प करून खाली पडायचे. वर कोण जन्मलं, कोण गेलं, ते खाली या बायकांना चादरींवरून कळायचं. धुऊन झालं की दोन तापलेल्या रुळांमधून चादर बाहेर यायची, इतकी गरम की नवख्या बाईच्या बोटांना फोड यायचे. घडीबाईच्या बोटांची कातडी केव्हाच मेली होती. तिच्या घडीत बोट दाखवायला जागा नसायची. कोपऱ्यावर कोपरा असा बसायचा, की मुकादमीण, जिला आपली भाषा येत नव्हती, तीसुद्धा नव्या बायकांना तिच्यासमोर उभं करून नुसतं बोट दाखवायची. हे बघा आणि असं करा.

घडीबाईला मूल नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिच्या दिराचं लग्न झालं आणि एकवीस वर्षांची धाकटी विमानातून उतरली. पातळ कपडे, पायात उघड्या चपला, ओठ निळे पडलेले. घडीबाईने आपल्या अंगातला कोट काढून तिला चढवला आणि स्वतः कुडकुडत घरी आली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. थोरला भाऊ घरं रंगवायचा, धाकटा मालाची गाडी चालवायचा. लोक म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी, बघू किती दिवस नांदतात. लोकांना पंधरा वर्षं बघावं लागलं. त्या तलवारी नव्हत्याच. एका जुवाखालचे बैल म्हणा हवं तर, एक थांबला की दुसरा आपोआप थांबणारा.

पुढच्याच वर्षी धाकटीला मुलगी झाली. त्या दिवसाबद्दल धाकटी कधी बोलायची नाही, पण घडीबाईला माहीत होतं. बाळंतपणाच्या खोलीत नवऱ्याला नाही, जावेलाही नाही, कुणालाच आत सोडलं नव्हतं. भाषा येत नव्हती. धाकटी पाय फाकून पडलेली, आणि पांढऱ्या कोटातली सहा माणसं तिच्या पायांशी उभी. एक शिकवत होता, बाकीचे शिकत होते. एकामागून एकाने हात घातला. कुणी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती ओरडली ते त्यांना कळांचं ओरडणं वाटलं. पोरगी नीट जन्मली, तिलाही काही झालं नाही, पण त्या दिवसानंतर धाकटीने शपथ घेतली. पुन्हा त्या टेबलावर झोपायचं नाही, जीव गेला तरी.

घडीबाई म्हणाली, "असं अभद्र बोलू नये."

आता लॉन्ड्रीतली एक रीत सांगतो. दारात हजेरीचं यंत्र होतं. प्रत्येकीचं एक कार्ड. आल्यावर दाबायचं, जाताना दाबायचं. एखादीचं पोर तापाने फणफणलेलं असलं, एखादीची गाडी चुकली, की दुसरी तिचं कार्ड दाबायची आणि ती येईपर्यंत तिच्याही वाटचं काम उपसायची. याला कुणी खोटेपणा म्हणत नव्हतं. त्याला म्हणायचे सांभाळून घेणं. घडीबाई आणि धाकटी यांचं आडनाव एक, पत्ता एक, आणि मुकादमिणीच्या डोळ्यांना दोघींचा चेहराही एकच. "यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो," घडीबाई हसून म्हणायची, "गव्हाच्या पोत्यातले दाणे." या सारखेपणाचा त्यांनी कितीदा फायदा घेतला असेल, गणती नाही. तो एक दिवस त्यांच्यावर उलटेल असं कुणाला वाटणार?

एका सकाळी एक परिचारिका तळघरात आली. हातात चित्रांचे कागद. सोबत एक फोन, त्यात आपल्या भाषेत बोलणारी एक बाई. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असतो, तो हळू वाढतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. वेळेवर तपासलं तर तो व्हायच्या आधीच अडवता येतो. बाहेरून आलेल्या बायका तपासायला येतच नाहीत, म्हणून आम्ही खाली आलो. पाच मिनिटांचं काम. तीन वर्षांतून एकदा. प्रत्येकीला नावाने चिठ्ठी येईल.

घडीबाई आपल्या चिठ्ठीवर गेली. थोडी लाजली, थोडं टोचलं, झालं. घरी येऊन म्हणाली, "काही नाही गं. चमचा सांडशीसारखं काहीतरी असतं. डोळे मिटायचे आणि बाजाराची यादी म्हणायची. माझी बटाट्यापर्यंत आली तेवढ्यात उठा म्हणाली."

धाकटी हसली नाही. तिची चिठ्ठी भिंतीवर खिळ्याला अडकवलेली होती, आणि तारीख जवळ येत होती तशी तिची भाकरी कमी होत होती. दोनदा ती रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्यांदा जिन्यातच बसली. घडीबाई शेजारी बसली.

"मी येते बरोबर. हात धरून उभी राहते."

"तेव्हाही तुम्ही दाराबाहेर होतात, अक्का. त्यांनी आत सोडलं का?"

घडीबाईने तिच्या हातातली चिठ्ठी घेऊन तिची घडी सरळ केली.

"तुम्ही जा ना," धाकटी हळूच म्हणाली. "माझ्या नावाने. कार्ड दाबतो तसं. मला काय झालंय? घोड्यासारखी काम करते मी. नुसता कागद यायला हवा, म्हणजे ते पुन्हा बोलवायचे नाहीत."

घडीबाईने नाही म्हणायला हवं होतं. हे ती मला शंभर वेळा म्हणाली असेल. पण ती बाई जिन्यातून पुढे पाऊल टाकत नव्हती, आणि तेरा वर्षांपूर्वी कोट काढून दिला तो दिलाच होता ना. एकदा सांभाळून घ्यायची सवय लागली की माणूस विचारत नाही, काय सांभाळतोय.

ती गेली. धाकटीचं कार्ड, धाकटीची जन्मतारीख. "तेरा वर्षांनी लहान झाले मी त्या दिवशी," ती सांगायची. काउंटरवरच्या मुलीने कार्डाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, बसा. गव्हाचे दाणे. आत परिचारिका दुसरी होती. फोनमधली बाई विचारू लागली. वय? सांगितलं. मुलं?

घडीबाई म्हणाली, "एक मुलगी आहे."

ती मला म्हणाली, हे सांगायला नको, पण सांगते. ते तीन शब्द बोलताना तिच्या तोंडात गोड चव आली. सत्तेचाळीस वर्षांत तिने ते कधी उच्चारले नव्हते. ती टेबलावर झोपली, वर पांढरं छत होतं, आणि तेवढा वेळ तिला एक मुलगी होती. तिने बाजाराची यादी म्हटली नाही.

परिचारिका तपासता तपासता थबकली. फोनमध्ये काही बोलली. फोनमधली बाई म्हणाली, "मूल नेहमीसारखं झालं होतं का? कारण आतून तसं वाटत नाही. की पोटावर ऑपरेशन करून?"

घडीबाईने हाताशी आलेला शब्द पकडला. "ऑपरेशन," ती म्हणाली.

परिचारिकेने तसं लिहून घेतलं. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं खोटं.

दोन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. दोन्हींत एकच मजकूर. सगळं ठीक आहे, तीन वर्षांनी या. पोरगी बारा वर्षांची झाली होती, तिने वाचून दाखवलं. धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने तो कागद चार घड्या घालून आपल्या पेटीत ठेवला, दागिना ठेवावा तसा. आणि हळूहळू, बघा माणसाचं मन कसं असतं, तिला तो कागद आपलाच वाटू लागला. कुणी विषय काढला की म्हणायची, "आमची झालीये तपासणी. सगळं ठीक आहे." एकदा घडीबाईने नुसतं बघितलं तिच्याकडे. धाकटीने मान वळवली.

दीड वर्ष गेलं. मग धाकटीच्या कपड्यांवर नको त्या दिवशी डाग दिसू लागले. लॉन्ड्रीत डागांचं काम करणाऱ्या बाईला स्वतःचा डाग लपवता येतो, पण घडीबाईपासून नाही. कंबर दुखायची. चादर ताणताना ती मध्येच थांबायची. "काही नाही, बायकांचं असतं," म्हणायची. घडीबाईने तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने यंत्रात बघितलं आणि म्हणाला, तुमची तपासणी तर स्वच्छ आहे. मग आतून तपासू का म्हणाला, तर धाकटीने ठाम मान हलवली. त्यानेही आग्रह धरला नाही. कागद स्वच्छ होता ना. दमणूक असेल, या वयात असं होतं, असं म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, पुन्हा दिल्या.

दाराबाहेर आल्या आल्या घडीबाई म्हणाली, "मी आत जाते आणि सांगते."

धाकटीने तिचं मनगट धरलं. "खबरदार, अक्का. लॉन्ड्रीतली शेवटच्या टेबलावरची ती बाई आठवते? दुसरीचं कार्ड दाबलं म्हणून काढली. ते नुसतं हजेरीचं कार्ड होतं. हा सरकारी कागद आहे. आपल्याला घालवून देतील इथून. चौघांनाही. आणि पोरीची शाळा? माझ्या पोरीची शपथ आहे तुम्हाला."

पोरीची शपथ. जगात घडीबाईच्या तोंडाला कुलूप घालू शकेल अशी एवढी एकच गोष्ट होती, आणि धाकटीला ते ठाऊक होतं.

पाच महिने घडीबाई गप्प राहिली. रोज सकाळी ठरवायची, आज सांगेन. रोज चादरीचं दुसरं टोक धरून समोरून येणाऱ्या त्या चेहऱ्याकडे बघायची. चेहरा चादरीच्या रंगाचा होत चालला होता. मध्ये भेटल्या की कुजबुजायची, "धाकटे, सोड ती शपथ." धाकटी कोपरे तिच्या हातात देऊन खाली वाकायची, किनार उचलायला, आणि मग तिला उठायला वेळ लागायचा.

एका दुपारी ती उठलीच नाही. पायांखाली लाल झालं होतं. नळातून ज्या चादरी खाली यायच्या, त्यातलीच एक गुंडाळून तिला वर नेलं.

वरच्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या. या वेळी दुभाषी बाई फोनमध्ये नव्हती, खोलीत होती, आणि घडीबाईला आत राहू दिलं. डॉक्टरीणबाईंनी आधी धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाल्या, तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. चौदा वर्षांपूर्वी कुणी एवढं एक वाक्य बोललं असतं, तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती.

डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा कपडा बाजूला केला, आणि हात थांबला. कागद बघितला. पुन्हा पोट बघितलं.

दुभाषी बाई म्हणाली, "त्या विचारतात, मूल ऑपरेशनने झालं असं इथे लिहिलंय. मग व्रण कुठे आहे?"

 धाकटीने जावेकडे बघितलं. मान हलवून नको म्हणाली. शेवटचं.

घडीबाई पुढे झाली. "त्या दिवशी त्या टेबलावर मी होते," ती म्हणाली. "नाव हिचं, अंग माझं. माझं लिहा, मला काय करायचं ते करा. हिला घालवू नका. हिची पोरगी शाळेत आहे."

दुभाषी बाईला ते बोलून दाखवायला थोडा वेळ लागला. डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. पोलिसांना बोलवलं नाही, कुणाला फोन केला नाही. फक्त म्हणाल्या, "यासाठी कुणी कुणाला घालवत नाही. कुणीच काही केलं नसतं. तुम्ही सांगायला हवं होतं, एवढंच."

कुणीच काही केलं नसतं. घडीबाई म्हणते, शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं. ज्या भिंतीला भिऊन पाच महिने गप्प बसले, ती भिंत नव्हतीच. धुकं होतं.

आजार फार पुढे गेला होता. औषधं झाली, किरणं झाली. धाकटी सात महिने राहिली. घडीबाई काम सुटलं की जिना चढून वर यायची. पलंगावरच्या चादरीवर त्यांच्याच लॉन्ड्रीचा शिक्का असायचा. एकदा धाकटीने चादरीचा कोपरा उचलून नाक मुरडलं. "अक्का, ही घडी तुमची नव्हे. किनार बघा, पळालीये."

"नवीन बाई आहे तुझ्या जागी. शिकेल."

"तिला सांगा, ताणल्यावर आधी झटकायचं."

मग तिने कोपरा खाली ठेवला. काडीसारख्या बारीक झालेल्या हाताने तिने घडीबाईचं राकट बोट धरलं. "माझ्यावर राग नका धरू. शपथ घालायला नको होती."

"राग माझा माझ्यावर आहे. मी थोरली."

"असू दे. गेलात तुम्ही माझ्यासाठी." तिने हसायचा प्रयत्न केला. "आता मात्र माझ्या जागी नाही जाता यायचं तुम्हाला."

घडीबाईच्या मनात आलं, एकदा विचारून तर बघा कुणीतरी मला.

धाकटी गेली. नवरा गाडी घेऊन लांबच्या खेपा करू लागला, घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. पोरगी घडीबाईच्या खोलीत झोपू लागली. लॉन्ड्रीत नव्या बाईबरोबर घडीबाईचं पाऊल जुळेना. ती बाई भराभर यायची, आणि घडीबाई अजून अर्ध्या वाटेत असताना कोपरे पुढे करायची.

आठ महिन्यांनी एक पाकीट आलं. पोरीने फोडलं, वाचलं, आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"काय गं?"

"आईला बोलावलंय, मोठी आई. तीन वर्षं झाली म्हणे. तपासणीला या."

घडीबाईने तो कागद खिळ्याला अडकवला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली. हजेरीचं कार्ड दाबू का म्हणून नव्या बाईने विचारलं होतं, तर म्हणाली, नको, मी आले नाही असंच लागू दे. पोरगी म्हणाली, मी येते. दोघी गेल्या. काउंटर तेच, मुलगी दुसरी. तिने कागद घेतला, त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, आणि घडीबाईकडे बघून हसली. तुम्हीच ना?

घडीबाईने वाटेत ती वाक्यं त्या भाषेत पाठ केली होती. पोरीने शिकवली होती.

"नाही," ती म्हणाली. "मी ती नाही. ती वारली. मी तिची..." इथे ती अडली. जावेला त्या भाषेत शब्द नव्हता. "बहीण," ती म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीचं हसू गेलं. तिने यंत्रात काहीतरी पुसलं. माफ करा म्हणाली. मग घडीबाईचं स्वतःचं नाव विचारलं, आणि बघून सांगितलं, तुमचीही तारीख उलटून गेलीये. आज वेळ आहे, येता का आत?

घडीबाई आत गेली. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तारखेने, पन्नास वर्षांची होऊन. टेबलावर बसली. फोनमधली बाई एक एक विचारू लागली आणि ती उत्तरं देत गेली. मग आला तो प्रश्न. मुलं?

दार थोडं उघडं होतं. बाहेरच्या बाकावर पोरीचे बूट दिसत होते, एकमेकांना घासणारे. आईची सवय ती.

"माझ्या पोटचं नाही," घडीबाई म्हणाली. "जन्म दिला नाही, ऑपरेशनही नाही. हे नीट लिहा, चूक करू नका." मग तिने दाराकडे बोट केलं. "पण एक मुलगी आहे. बाहेर बसलीये."

तीन वर्षांपूर्वी याच खोलीत तिने हे चोरून म्हटलं होतं, आणि ते गोड लागलं होतं. आता ते खरं होतं. तिने डोळे मिटले आणि बाजाराची यादी म्हणायला सुरुवात केली, पण बटाट्यापर्यंत तिला जाता आलं नाही.